अँटेनासमोरची खिडकी

पालेगाव, अंबरनाथ (पूर्व)
८ फेब्रुवारी २०२५

ती. बाळकाकांना नमस्कार,

तुमचे कान गेल्यापासून तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी ओरडायचं आणि आमच्या अख्ख्या इमारतीने ऐकायचं. तुमच्या गंधारला म्हटलं, काकांना मेसेज शिकव. तर तो म्हणाला, "शिकवला गं, पण बाबा म्हणतात, अंगठा हा सही न येणाऱ्यांनी वापरायचा असतो." म्हणून हे पत्र. माझ्या बाबांचे चुलतभाऊ असूनही सख्ख्यासारखे वागलात, तेव्हा वाचायचा त्रासही सोसा.

बातमी अशी की आम्हाला खोली मिळाली. लग्नाला आठ वर्षं झाली. एवढी वर्षं मी, जितेश आणि नंतर आमची सई, हॉलमध्ये झोपलो. सासऱ्यांच्या बातम्या संपल्या की अंथरूण घालायचं आणि त्यांच्या चहाच्या आधी गुंडाळायचं. नवऱ्याशी भांडायचं झालं तरी दुधाच्या पिशव्या आणायच्या निमित्ताने खाली जावं लागायचं. सासऱ्यांनी शेत बिल्डरला दिलं तेव्हा गावठाणात ही चार मजली इमारत बांधली, पण भाडेकरू, दीर, जाऊ, त्यांची मुलं यांत आमच्या वाटणीला भिंत कधी आलीच नाही. दिवाळीनंतर त्यांनीच मनावर घेतलं आणि गच्चीवर एक खोली काढून दिली. खोलीला दार आहे, दाराला आतून कडी आहे, आणि मोठी खिडकी आहे. खिडकीतून मलंगगड दिसतो. पहिल्या दिवशी मी आतून कडी लावली आणि नुसती बसून राहिले.

एक विचारायचं होतं. शेजारची बकुळा म्हणून एक बाई आहे. तिच्या इमारतीवर मोबाइलचा अँटेना आहे. तिला कोणीतरी घाबरवलंय की त्याने काहीबाही होतं. तुम्ही जन्मभर रेडिओच्या ट्रान्समीटरवर नोकरी केलीत, म्हणून म्हटलं तुम्हाला विचारते. सावकाश लिहा, घाई नाही.

तुमची,
किर्ती


बदलापूर (पश्चिम)
१४ फेब्रुवारी २०२५

चि. किर्तीस आशीर्वाद,

खोलीची बातमी वाचून फार बरं वाटलं. आतून कडी लावता येणं ही चैन ज्याला मिळाली नाही त्यालाच कळते. माझ्या खोलीला कडी आहे, पण सूनबाईने ती काढून ठेवली आहे. म्हातारा आत पडला तर दार कोण फोडणार, म्हणते. तिचं चुकत नाही, म्हणून राग कोणावर काढावा ते समजत नाही.

आता तुझ्या बकुळेचं. तिला सांग, निवांत झोप. लोकांना अँटेना दिसला की डोकं दुखायला लागतं. आमच्या केंद्राशेजारी एका गृहस्थांचं वर्षभर दुखत होतं, आणि त्या वर्षात आमचा तो मनोरा नुसता उभा होता, चालू झालेलाच नव्हता. मोबाइलचा अँटेना म्हणजे बागेतली पाण्याची नळी समज. तोंड जिकडे तिकडे पाणी, तेही लांब, आडवं. नळी धरणाऱ्याच्या पायांवर फार तर चार थेंब. ज्या इमारतीवर अँटेना असतो तिच्यात खाली राहणाऱ्यांपर्यंत फारच थोडं पोचतं. दिव्याखाली अंधार ही म्हण अँटेनावाल्यांनीच काढली असावी.

धोका असतो तो अगदी समोर, त्याच उंचीवर, जवळ उभं राहणाऱ्याला. तिथे अंग आतून तापू शकतं, आणि डोळ्यांसारखी नाजूक जागा आधी. पण तिथे उभं कोण राहणार? फक्त बसवणारा किंवा दुरुस्ती करणारा. आमच्याकडे शिस्त अशी होती की जो वर चढणार त्याने स्वतः ट्रान्समीटर बंद करायचा, कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात घालून चढायचं. साहेबाच्या खिशातसुद्धा नाही. त्यामुळे आमचा एकही माणूस भाजला नाही.

तेव्हा बकुळाबाईंनी अँटेनाच्या तोंडासमोर संसार मांडला नसेल तर काळजीचं कारण नाही.

तुझा,
बाळकाका


पालेगाव
३ मार्च २०२५

ती. बाळकाकांना नमस्कार,

उत्तर लिहायला उशीर झाला, कारण तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी पत्र उशीखाली ठेवलं आणि रोज रात्री ते तिथे आहे हे मला आठवत राहिलं.

बकुळा नाही. म्हणजे बकुळा आहे, पण तिच्या इमारतीवर अँटेना नाही. तो आमच्या गच्चीवर आहे. तुम्ही आईला सांगाल आणि आई "मी म्हटलं नव्हतं का?" सुरू करेल, म्हणून खोटं लिहिलं.

तीन उंच पेट्या आहेत, दाराएवढ्या, जाड खांबांवर. आमच्या गच्चीच्या कडेला कठडा कच्चा होता म्हणून बसवणाऱ्यांनी त्या पाण्याच्या टाकीजवळ, मधोमध बसवल्या. तेव्हा पुढची गच्ची मोकळी होती. कोणी जायचं नाही, गेलं तरी पापड घालण्यापुरतं. त्यातली एक पेटी पूर्वेकडे बघते, बिल्डरच्या नव्या टॉवरांकडे, म्हणजे उंच इमारतींकडे. सासऱ्यांनी आमची खोली बांधली ती पूर्वेलाच, मोकळी जागा दिसली म्हणून. आता ती पेटी सरळ आमच्या खिडकीत बघते. सई पळत जाऊन तिला हात लावून परत येते तेव्हा तिला धापसुद्धा लागत नाही, इतकं अंतर. माझी कपडे वाळत घालायची दोरी एका टोकाला खिडकीच्या गजाला आणि दुसऱ्या टोकाला तिच्या खांबाला बांधलेली आहे. सईचा अभ्यास खिडकीच्या कट्ट्यावर चालतो, उजेड चांगला येतो म्हणून.

मला घाबरवलं ते समीरने. तो अँटेनाची देखभाल करायला येतो. उल्हासनगरचा मुलगा. मला दोरीवर कपडे घालताना बघून म्हणाला, "भाभी, इसके सामने मत खडे रहो, आम्ही पण बंद करूनच जातो." मग खाली जाऊन सासऱ्यांना म्हणाला की खोली चुकीच्या जागी बांधलीत. सासऱ्यांनी त्याला चहा पाजला, पाठीवर हात ठेवला, नि म्हणाले, "तू तुजा काम कर, पोरा. घर आमचा हाय." तेव्हापासून समीर वर बघत नाही.

तुम्ही म्हणाल, कंपनीला कळव. काका, खोली परवानगीशिवाय बांधलेली आहे. कोणी मोजायला आलं, कोणी कागद मागितला, तर पहिली खोली जाईल. सासरे म्हणतात, "बोंब मारशील तर परत हालमध्ये झोपशील." जितेशला सांगितलं तर तो म्हणतो बघू. तो आठ वर्षं बघतोच आहे. हॉलमध्ये परत जायचं म्हटलं की मी आतून कडी लावते, आणि सईला कट्ट्यावर पुस्तक घेऊन बसलेली पाहिली की तीच कडी काढून तिला खाली न्यावंसं वाटतं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते मी निबंधात लिहिलं होतं, आता त्यात राहते आहे.

किर्ती


बदलापूर
६ मार्च २०२५

चि. किर्तीस आशीर्वाद,

पत्र आलं तसा लगेच लिहायला बसलो आहे. अक्षर वाईट आलं तर समजून घे.

दोरी आजच्या आज सोड. त्या पेटीच्या आणि खोलीच्या मधल्या जागेत कोणी थांबायचं नाही, सईने तर पाऊल टाकायचं नाही. दाराकडे जाताना पेटीच्या मागून वळसा घाला. गादी खिडकीपासून सर्वांत लांबच्या भिंतीला लाव. कट्ट्यावरचा अभ्यास बंद.

आता घाबरू नकोस. सईला काही झालंय असं मी म्हणत नाही, आणि कोणी म्हटलं तर ऐकू नकोस. पेटी किती ताकदीने चालते, तोंड किती खाली कललं आहे, यावर सगळं अवलंबून. ते मोजल्याशिवाय कळत नाही आणि मी बदलापुरात बसून मोजू शकत नाही. पण मोजमाप मर्यादेत असेल असं गृहीत धरून आपलं मूल समोर बसवायचं नसतं. एवढ्यासाठीच अँटेनासमोर रिकामी जागा सोडतात, फलक लावतात, कुलूप घालतात. ती जागा रिकामी दिसते, पण ती वापरात असते. तुझ्या सासऱ्यांनी नेमक्या त्या जागेवर विटा रचल्या.

खरा उपाय एकच. पेटी तिथून हलवायची. गच्चीच्या कोपऱ्यात, उंच खांबावर, तोंड बाहेर. काम करताना वीज बंद. कंपनीला हे अवघड नाही, आणि खोलीचे कागद बघणं हे कंपनीचं काम नाही. तिला समोर माणूस नको, इतकंच.

तोवर दोन-चार दिवसांची मलमपट्टी म्हणून खिडकीला बाहेरून पत्रा लावलात तर आत येणारं पुष्कळ अडेल. आमच्या कंट्रोल रूमलाही तांब्याची जाळी होती. पण पत्रा लाट गिळत नाही, परतवतो. पत्रा लावला तर मधल्या जागेत कोणी बसायचं नाही, हे दुप्पट लक्षात ठेवा.

माझं ऐकशील तर हे पत्र तुझ्या सासऱ्यांना, हिरामणरावांना दाखव. जमिनीचे व्यवहार केलेला माणूस आहे, लिहिलेल्या शब्दाला मान देत असेल.

बाळकाका


पालेगाव
२९ मार्च २०२५

ती. बाळकाकांना नमस्कार,

मान दिला. फार दिला.

मी दोरी सोडली, गादी हलवली आणि पत्र सासऱ्यांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं. सासूबाई, दीर, जाऊ सगळे ऐकायला बसले. पेटी हलवायच्या वाक्याला ते थांबले आणि म्हणाले, "कंपनीला बोलवायचा म्हंजे आपल्याच पायावर धोंडा." मग पत्र्याचं वाक्य आलं. ते दोनदा वाचलं. "ह्यो मानूस हुशार हाय," म्हणाले. त्याच्या पुढे वाचलं नाही. घडी घालून खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी उल्हासनगरच्या कॅम्प एकहून पत्र्याचं काम करणारा फॅब्रिकेटर आला. खिडकीपुरता पत्रा नाही, काका, ती अख्खी बाजूच मढवली, खालपासून वरपर्यंत. समीरला बोलावून त्याचा लाटा मोजायचा मीटर आत धरायला लावला. काटा हललाच नाही. सासूबाईंनी नारळ फोडला. जितेश मला म्हणाला, "झालं ना मनासारखं?" त्याच्या चेहऱ्यावर खरंच आनंद होता, म्हणून मी हो म्हटलं.

आता दिवसा ट्यूबलाइट लावते. दुपारी खोली इतकी तापते की मी सईला घेऊन जिन्यात बसते. मलंगगड कुठे आहे ते पत्र्यावर बोट ठेवून सई दाखवते. तिला तो खेळ वाटतो. बाहेर संध्याकाळी सासरे पत्र्याला लागून बाज टाकतात नि दिवेलागण होईपर्यंत बसतात. वारा चांगला येतो म्हणतात. मी आत असले की त्यांचं खोकणं पत्र्यातून ऐकू येतं. मला ते मी आत आहे ना हे बघायला बसल्यासारखे वाटतात. तसं नसेलही.

मी तक्रार कशाची करणार? सुरक्षित आहे. मला हवी होती ती खोली आहे, कडी आहे, सगळे म्हणतात तसं सगळं आहे. माझा जीव गुदमरतो, एवढंच.

आणखी एक. आमच्याकडे पोस्टमन पत्रं तळमजल्यावरच्या दुकानात टाकतो आणि दुकानातून ती आधी सासऱ्यांकडे जातात. तुमची पत्रं ते आवडीने वाचणार आहेत आता. म्हणून विनंती, यापुढे उपाय लिहू नका. तुमचा एक उपाय मला पुरला.

किर्ती


बदलापूर
२ एप्रिल २०२५

चि. किर्तीस आशीर्वाद आणि श्री. हिरामणराव यांस नमस्कार,

हे पत्र आधी हिरामणरावांच्या हाती पडेल असं समजलं, म्हणून त्यांच्याशीच बोलतो. किर्ती, तू मागाहून वाच. तुझी क्षमा मागायची आहे, ती मी समोर आल्यावर मागेन. अर्धं वाक्य उचलता येईल असं पत्र मी लिहायला नको होतं.

हिरामणराव, आपण मला हुशार म्हणालात. मी हुशार नाही, नुसता म्हातारा झालो आहे. पण तुम्ही जिथे वाचायचं थांबवलंत त्याच्या पुढेच तुमच्या कामाची गोष्ट होती. पत्रा लाट गिळत नाही, परत पाठवतो. समोरून पेटीची लाट येते, मागून पत्र्याची परत येते. दोन्ही जिथे एकावर एक पडतात तिथे जोर कित्येक पट वाढतो. समीर पोराने मीटर खोलीच्या आत धरला. आता त्याला तुमच्या बाजेवर धरायला सांगा. तुम्ही रोज संध्याकाळी जिथे वाऱ्याला बसता, त्या गच्चीवर त्याहून वाईट जागा मला सुचत नाही.

हे तुम्हाला भीती घालायला लिहीत नाही. मोजून बघा, मी खोटा ठरलो तर या पत्राने बंब पेटवा.

दुसरं असं की तो पत्रा आता नव्या टॉवरांच्या आड आला आहे. तिथल्या लोकांचे फोन लागेनासे होतील आणि कंपनी न बोलावता येईल. आल्यावर तिच्या तोंडी लागण्यापेक्षा आधीच बोलवा, म्हणजे घरमालकाचा मान राहील. पेटी कोपऱ्यात, उंच, तोंड बाहेर. तोवर बाज खाली न्या.

घरात सून आहे, नात आहे, त्यांच्यासाठी तुम्ही खोली बांधलीत. गावात किती सासरे बांधतात? म्हणून राग आवरून लिहितो आहे.

आपला,
बाळ


पालेगाव
११ मे २०२५

ती. बाळकाकांना नमस्कार,

बाज त्याच संध्याकाळी खाली गेली. तुमचं पत्र सासऱ्यांनी या वेळी मोठ्याने वाचलं नाही. मनात वाचलं आणि मग समीरला फोन केला. समीरने मीटर बाजेच्या जागेवर धरला, तो ओरडायला लागला, म्हणजे मीटर. समीरने काटा सासऱ्यांपुढे धरला. सासरे त्याला म्हणाले, "आधी का नाय सांगितलास?" तेव्हा समीर हसला.

कंपनीची माणसं आली. खोलीचा कागद कोणी विचारला नाही. आधी वीज बंद केली, कुलूप लावलं. मग पेट्या उतरवल्या, कोपऱ्यांत कठडा पक्का करून उंच खांब रोवले आणि सगळ्यांची तोंडं बाहेर केली. पुढे साखळी लावली, फलक लावला. सासरे खुर्ची टाकून देखरेख करत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की ही आयडिया त्यांची. मी समीरला पत्र्याच्या बाहेरून सगळीकडे मोजायला लावलं. मर्यादेच्या खूप खाली आलं. मी आकडा स्वतः बघितला. सई आता गच्चीवर कुठेही पळाली तरी मी ओरडत नाही. तुम्ही नसतात तर हे झालं नसतं, काका, त्यामुळे क्षमेचं बोलू नका.

मग मी म्हटलं, आता पत्रा काढू या.

सासरे म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. पावसाचा मारा त्याच अंगानं येतो." मी म्हटलं, खिडकीपुरता तरी कापू या. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वक्ताला खोल्यांना खिडक्या व्हत्या कुठं?" जाऊ म्हणाली, "एवढा चांगला लावलाय, आता कशाला तोडफोड." जितेश म्हणाला बघू. कोणी रागावून बोललं नाही. पेटी होती तोवर पत्र्याला कारण होतं आणि मी ते मान्य केलं होतं. आता कारण गेलं, आणि पत्रा आहे तो आहे. मला तेव्हा कळलं की मी काही मागितलं नाही तर तो सईच्या लग्नापर्यंत असाच राहील आणि तिला मलंगगड कोणत्या बाजूला होता तेही आठवणार नाही.

म्हणून तुमच्याकडे शेवटचा एक उपाय मागते. पत्रा स्क्रूने मारला आहे. स्क्रूचं डोकं सहा कोनी आहे, खाली काळा रबराचा वायसर आहे. जितेशच्या पेटीतला एक पाना ढिला होतो, दुसरा बसतच नाही. कितीचा लागेल ते कळवा. स्क्रू कोणत्या बाजूने सुटतात तेही लिहा, म्हणजे मी घोळ घालणार नाही.

आणि पाकीट वगैरे नको. पोस्टकार्डावर लिहा, मोठ्या अक्षरात. दुकानापासून वर येईपर्यंत ज्याला वाचायचं त्याने वाचू दे.

तुमची,
किर्ती